शंभर कॅलरीत किती प्रोटीन? शाकाहारावर शरीर कमावण्याचा माझा हिशेब

माझ्या पहिल्या कटिंगच्या, म्हणजे कॅलरी कमी करून चरबी उतरवण्याच्या काळातल्या वहीत एका दिवसाची नोंद आहे: ‘प्रोटीन १२८ ग्रॅम. पूर्ण झालं!’ तिच्याखाली वेगळ्या शाईत नंतर लिहिलेलं आहे: ‘कॅलरी २,९००.’ त्या दिवशी मला २,००० कॅलरीत बसायचं होतं.

काय खाल्लं होतं तेही तिथेच लिहिलंय. दीडशे ग्रॅम मसूर, शंभर ग्रॅम शेंगदाणे, लिटरभर सायीचं दूध, दोनशे ग्रॅम कणीक, पन्नास ग्रॅम बदाम. शिवाय भाजी आणि तिच्यातलं तेल. यातली एकही गोष्ट वाईट नाही, आणि प्रत्येकीवर ‘प्रोटीनयुक्त’ असा शिक्का मारलेला आपण वाचतो. पुढचे पंधरा दिवस मी तेच पदार्थ कमी करून २,००० कॅलरीवर आलो. प्रोटीन घसरलं ८८ ग्रॅमवर. वजन उतरलं, पण बेंच प्रेसचे रेप्सही उतरले आणि खांदे सपाट दिसायला लागले. चरबी जावी म्हणून घाम गाळला आणि तिच्यासोबत मसलही गेला.

‘शाकाहारात प्रोटीन नसतं’ असं जिममध्ये सर्रास ऐकू येतं. असतं, भरपूर असतं. आपली अडचण अशी की ते एकटं येत नाही. डाळीत ते पिष्टाच्या सोबतीने येतं, शेंगदाण्यात तेलाच्या, दुधात साखर आणि सायीच्या. म्हणून मी आता पदार्थाकडे बघताना ‘यात प्रोटीन किती’ एवढ्यावर थांबत नाही. मी विचारतो, यातल्या शंभर कॅलरी खाल्ल्या तर प्रोटीन किती मिळेल? गेली अकरा वर्षं मी या एका आकड्यावर जेवण आखतोय. मी अंडी खात नाही. तुम्ही खात असाल तर पुढचं सगळं तुम्हाला जास्तच सोपं जाईल.

आधी गरज किती ते ठरवा

मसल वाढवण्यासाठी शरीराच्या दर किलोमागे रोज १.६ ते २.२ ग्रॅम प्रोटीन पुरतं. सर्वसाधारण निरोगी माणसासाठी सांगितला जाणारा ०.८ ग्रॅमचा आकडा वजनं उचलणाऱ्यासाठी नाही. माझं वजन ७२ किलो. म्हणजे खालची मर्यादा ११५ ग्रॅम, वरची साधारण १५८. बल्कमध्ये, म्हणजे मुद्दाम जास्त खाऊन वजन वाढवताना, मी १२० ते १३० वर खूश असतो, कटमध्ये (कटिंगच्या काळात) १४५ च्या आसपास जातो, कारण कॅलरी कमी पडतात तेव्हा शरीर मसल मोडायला लवकर तयार होतं. तुमचं वजन फार जास्त असेल आणि त्यात चरबीचा वाटा मोठा असेल, तर सध्याच्या वजनाऐवजी जिथे पोहोचायचंय ते वजन धरा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हा सगळा हिशेब बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नका.

आता हे आकडे कॅलरीशी जोडून बघा. बल्कमध्ये २,९०० कॅलरी आणि १२० ग्रॅम प्रोटीन म्हणजे दर शंभर कॅलरीमागे ४ ग्रॅमच्या किंचित वर. कटमध्ये २,००० कॅलरी आणि १४५ ग्रॅम म्हणजे दर शंभर कॅलरीमागे ७ ग्रॅमपेक्षा जास्त.

या दोन आकड्यांत शाकाहारी बॉडीबिल्डिंगचं सगळं गणित आहे. डाळी-कडधान्यांत शंभर कॅलरीमागे साधारण ६ ते ७ ग्रॅम प्रोटीन असतं, हरभऱ्यात थोडं कमी. गव्हात आणि ओट्समध्ये ४ च्या अलीकडे-पलीकडे. सायीच्या दुधात ५. म्हणजे वजन वाढवताना साधं, नीट शाकाहारी जेवणही ४ चा सरासरी आकडा सहज गाठतं. कटमध्ये मात्र तुम्ही दिवसभर नुसती डाळ खाल्ली, एक थेंब तेल आणि एक घास भात न घेता, तरी जेमतेम ७ वर पोहोचाल. माझी पहिली कटिंग फसली ती इथे. माझ्या ताटातला सगळ्यात ‘प्रोटीनवाला’ पदार्थच मला लागणाऱ्या सरासरीएवढा होता आणि बाकी सगळे तिच्याखाली.

पदार्थांची उतरंड

शंभर कॅलरीमागे १० ग्रॅमच्या वर देणारे शाकाहारी पदार्थ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, म्हणून ते पाठच करून टाका. व्हे, म्हणजे दुधातल्या प्रोटीनची पावडर, साधारण २०. बिनसायीच्या दह्याचा चक्का १६-१७. सोया चंक्स १५. घट्ट टोफू (सोयाच्या दुधाचं पनीर) १० ते १२. स्निग्धांश काढलेलं दूध १०. वाटाण्याचं किंवा सोयाचं प्रोटीन आयसोलेट, म्हणजे वेगळं काढलेल्या प्रोटीनची पावडर, जवळजवळ व्हेइतकंच. कटमध्ये तुमच्या प्रत्येक जेवणाचा पाया यांपैकी एक असला पाहिजे. डाळ, भात, पोळी त्याच्याभोवती.

मधली पायरी कडधान्यांची: मसूर, मूग, राजमा, हरभरा, वाटाणा. पनीरही इथेच येतं, ६ च्या आसपास. पनीरला लोक फार वर चढवतात. शंभर ग्रॅममध्ये १८-२० ग्रॅम प्रोटीन असतं खरं, पण फॅट त्याहून थोडी जास्तच असते. बल्कमध्ये मनापासून खा, कटमध्ये मोजून.

तळाला शेंगदाणे साडेचार, बदाम साडेतीन, भात दोन. शेंगदाणे आणि बदाम हे माझ्या लेखी तेलबिया आहेत. चांगली फॅट, चांगली चव, थोडं प्रोटीन वरकड. पीनट बटरला ‘प्रोटीन’ समजून चमच्यामागून चमचा खाणारी कितीतरी मुलं मी पाहिली. मीही तेच केलं होतं. वहीतले ते शंभर ग्रॅम शेंगदाणे म्हणजे ५७० कॅलरी आणि पंचवीस ग्रॅम प्रोटीन. तेवढंच प्रोटीन पन्नास ग्रॅम सोया चंक्समध्ये १७० कॅलरीत मिळतं.

कोरडं की शिजलेलं?

जिममधला एक मुलगा मध्यंतरी माझ्याकडे आला. म्हणाला, “दादा, रोज सव्वाशे ग्रॅम प्रोटीन होतंय, तीन महिने झाले, काहीच फरक नाही.” मी म्हटलं, “वही दाखव.” त्याने फोनमधली नोंद दाखवली: डाळ ३०० ग्रॅम, प्रोटीन ७२.

“ही डाळ वजनकाट्यावर ठेवलीस तेव्हा कशी होती? कोरडी?”

“नाही दादा, वाटीत वाढून घेतलेली.”

तिथेच सगळं उलगडलं. शंभर ग्रॅम कोरड्या मसुरात २४ ग्रॅम प्रोटीन असतं. शिजवल्यावर तीच डाळ पाणी पिऊन फुगते आणि शंभर ग्रॅम शिजलेल्या घट्ट डाळीत ९ ग्रॅमच उरतं. पातळ असेल तर आणखी कमी. त्याचे ७२ ग्रॅम प्रत्यक्षात २७ होते. दिवसाला ४५ ग्रॅमचा खड्डा, आणि त्याला वाटत होतं की व्यायाम चुकतोय.

तेव्हा नियम एकच ठेवा: धान्य, डाळ, चंक्स कोरडेच मोजायचे, शिजवण्याआधी. घरात सगळ्यांची डाळ एकत्र शिजत असेल तर कोरड्या डाळीचं वजन लिहून ठेवा, शिजलेल्या पातेल्याचं वजन घ्या आणि तुमच्या वाटीचा हिस्सा काढा. पहिले दोन आठवडे कटकट वाटते. नंतर डोळ्यांनाच अंदाज बसतो आणि काटा क्वचित लागतो. मी आजही तिमाहीला एक आठवडा सगळं मोजतो, कारण अंदाज हळूहळू सरकत जातो. चमचाभर तेलाचे कधी दोन चमचे होतात ते कळतही नाही.

सोया चंक्स नीट करायला शिका

दहापैकी आठ जण चंक्स खायचं सोडतात ते वासामुळे, आणि तो वास शंभर टक्के घालवता येतो. सोयाबीनमधून तेल काढून घेतल्यावर उरलेल्या पिठाचे हे गोळे असतात. म्हणूनच त्यांत फॅट जवळपास नसते आणि शंभर ग्रॅममध्ये पन्नासच्या वर प्रोटीन असतं.

मी असं करतो. पन्नास ग्रॅम कोरडे चंक्स काट्यावर मोजतो. मोठ्या भांड्यात पाणी खळाखळा उकळून त्यात चमचाभर मीठ आणि चंक्स टाकतो, दहा मिनिटं शिजू देतो. वर पिवळट फेस येतो, तो वास त्याच फेसात आणि त्याच पाण्यात असतो. चाळणीत ओतलं की गार पाणी सोडायचं आणि मूठमूठभर घेऊन दोन्ही तळव्यांत दाबायचं. पहिल्या दाबात दुधाळ, फेसकट पाणी निघतं. पुन्हा गार पाणी, पुन्हा दाब. तिसऱ्या वेळी निघणारं पाणी स्वच्छ असतं आणि चंक हातात रबरासारखा हलका, कोरडा लागतो. आता तो मसाला शोषायला तयार. ओला राहिला तर तव्यावर वाफवतो आणि गिळगिळीत होतो, नीट पिळला तर कडा खरपूस होतात. दह्यात लसूण, तिखट, मीठ कालवून त्यात अर्धा तास मुरवा आणि मग कडकडीत तापलेल्या तव्यावर टाका. पिळण्यात घाई केली की पुढची सगळी मेहनत वाया जाते.

सोयाने पुरुषांचे हार्मोन बिघडतात ही भीती अजून टिकून आहे. सोयामध्ये आयसोफ्लेव्होन असतात, त्यांची रचना इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनशी थोडी मिळतीजुळती आहे, भीती तिथून आली. पण अनेक अभ्यास एकत्र तपासणारी विश्लेषणं २०१० आणि २०२१ मध्ये झाली, आणि दोन्हींत सोयामुळे पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनवर परिणाम आढळला नाही. मी रोज चाळीस-पन्नास ग्रॅम चंक्स खातो आणि निर्धास्त असतो.

चक्क्याबद्दलही सांगतो. बिनसायीच्या दुधाचं दही स्वच्छ फडक्यात बांधून फ्रीजमध्ये रात्रभर टांगा, खाली भांडं ठेवा. सकाळी घट्ट चक्का मिळतो, शंभर ग्रॅममध्ये दहा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. खाली निथळलेलं पाणी फेकू नका, त्यात ओट्स शिजवा.

दर्जाचा प्रश्न

वनस्पतींचं प्रोटीन ‘अपूर्ण’ असतं, हे अर्धवट खरं आहे. प्रोटीन अमिनो आम्लांचं बनलेलं असतं; त्यांपैकी धान्यात लायसिन कमी असतं, कडधान्यात मेथिओनिन. एकाची उणीव दुसरं भरून काढतं. दोन्ही एकाच घासात असायला हवीत असं मुळीच नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेली की झालं. सोया आणि दूध तर स्वतःच पुरेसे आहेत.

याहून जास्त लक्ष ल्युसिनकडे द्या. मसल बांधायचा इशारा शरीराला मुख्यतः या अमिनो आम्लाकडून मिळतो, आणि एका जेवणात साधारण अडीच ग्रॅम ल्युसिन मिळालं की तो इशारा जोरकस होतो. व्हेच्या प्रोटीनमध्ये ल्युसिन १० टक्क्यांच्या वर असतं, म्हणजे एका स्कूपच्या २३-२४ ग्रॅम प्रोटीनमध्ये काम भागतं. सोयामध्ये ते ८ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तीसेक ग्रॅम प्रोटीन हवं. म्हणून मी दिवसाचं प्रोटीन चार जेवणांत वाटतो, दर वेळी जमेल तितकं तीसच्या जवळ. सकाळी नुसता चहा-टोस्ट, दुपारी थोडी डाळ आणि रात्री सगळी कसर भरून काढायची, असं करू नका.

पुरेसं प्रोटीन घेतलं तर वनस्पतीजन्य स्रोत मागे पडतात का, हे एका अभ्यासात तपासलं गेलं, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मांसाहारी आणि पूर्ण वनस्पतीजन्य आहार घेणारी तरुण मुलं, दोन्ही गटांना पावडर देऊन किलोमागे १.६ ग्रॅम प्रोटीन, बारा आठवडे पायांचा व्यायाम. स्नायू आणि ताकद दोन्ही गटांत सारखीच वाढली. ती सगळी नवखी मुलं होती आणि बारा आठवडे म्हणजे थोडा काळ, हे मी लक्षात ठेवतो. पण सुरुवात करणाऱ्याला धीर द्यायला एवढं पुरेसं आहे.

कोणी उदाहरण मागितलंच तर मी बिल पर्ल यांचं नाव घेतो. १९५३, १९६१, १९६७ आणि १९७१ असे चार वेळा ते मिस्टर युनिव्हर्स झाले. मांस त्यांनी १९६९ च्या सुमारास सोडलं, अंडी-दूध ठेवलं, आणि शेवटचा किताब वयाच्या चाळिशीत, मांस सोडल्यानंतर जिंकला. हे सांगताना मी दुसरी बाजूही सांगतो: त्यांचा पाया वीस-पंचवीस वर्षांच्या व्यायामावर आधीच उभा होता. शाकाहाराने तो ढासळला नाही, टिकला आणि स्पर्धेत जिंकला. मला तेवढंच हवं आहे.

बल्कचा एक दिवस

सकाळी ८० ग्रॅम ओट्स, ३०० मिली दूध, २० ग्रॅम पीनट बटर, एक केळं. दुपारी शंभर ग्रॅम तांदळाचा भात, साठ ग्रॅम डाळ, दोनशे ग्रॅम दही, भाजी. व्यायामानंतर व्हेचा एक स्कूप आणि केळं. रात्री चाळीस ग्रॅम चंक्सची भाजी, शंभर ग्रॅम कणकेच्या पोळ्या. झोपताना ३०० मिली दूध आणि मूठभर सुका मेवा. सगळं मिळून १३० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि साधारण २,७५० कॅलरी. वजन हलत नसेल तर भात आणि केळी वाढवायची, प्रोटीन नाही.

शाकाहारी माणसाला बल्कमध्ये अडवतो तो फायबर. पोट लवकर भरतं आणि कॅलरी मागे राहतात. म्हणून या काळात मी मुद्दाम पांढरा भात खातो, दूध पितो, सॅलडचं वाडगं लहान करतो. रोज २००-३०० कॅलरी जास्त एवढंच लक्ष्य ठेवा. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या पाव ते अर्धा टक्का वाढ पुष्कळ झाली. त्यापेक्षा वेगाने वाढणारं वजन बहुतेक कंबरेवर जातं.

कटचा एक दिवस

इथे प्रत्येक जेवणाला आधी वरच्या उतरंडीतला पदार्थ, मग बाकी. सकाळी २५० ग्रॅम चक्का, चाळीस ग्रॅम ओट्स, एक फळ. दुपारी दीडशे ग्रॅम टोफू, पन्नास ग्रॅम डाळ, साठ ग्रॅम तांदळाचा भात, ढीगभर भाजी, एक छोटा चमचा तेल. व्यायामानंतर बिनसायीच्या २५० मिली दुधात व्हेचा स्कूप. रात्री पन्नास ग्रॅम चंक्स, साठ ग्रॅम कणीक, भाजी. झोपताना पुन्हा तेच दूध आणि पंधरा ग्रॅम बदाम. प्रोटीन १४५, कॅलरी १,९०० च्या थोड्या वर. माझ्या त्या पहिल्या वहीशी ताडून बघा: प्रोटीन सतरा ग्रॅम जास्त आणि कॅलरी जवळपास हजाराने कमी.

आणि बल्कमध्ये नडणारा फायबर इथे मदतीला येतो. मांसाहारी मित्र कटमध्ये भुकेने कासावीस होतात तेव्हा डाळ-भाजीने माझं पोट भरलेलं असतं.

पावडर हवीच का?

बल्कमध्ये नाही. कटमध्ये तिच्याशिवाय जमतं, पण रोज चंक्स-टोफू-चक्का खाऊन माणूस कंटाळतो आणि कंटाळला की हिशेब सोडतो. म्हणून मी एक स्कूप ठेवतो. व्हे दुधातलंच प्रोटीन आहे, चीज बनवताना वेगळं होतं. काटेकोर शाकाहारी असाल तर एवढं माहीत असू द्या की चीज बनवताना दूध फाडायला वापरलेलं रेनेट वासराच्या जठरातलंही असू शकतं किंवा सूक्ष्मजीवांपासून बनवलेलंही. डब्यावर लिहिलेलं नसेल तर उत्पादकाला विचारा. दूध पचत नसेल तर वाटाण्याचं प्रोटीन घ्या. कॅप्सूलचं आवरणही बघून घ्या, ते बऱ्याचदा जिलेटिनचं असतं.

क्रिएटिन, म्हणजे स्नायूंना जोराच्या मेहनतीत ऊर्जा पुरवायला मदत करणारा पदार्थ, मात्र मी शाकाहाऱ्यांना आवर्जून घ्यायला सांगतो. शरीर ते स्वतः बनवतं, पण अन्नातून ते मांस-माशांतूनच खरं मिळतं. त्यामुळे शाकाहाऱ्यांच्या स्नायूंत त्याचा साठा कमी असतो आणि फरकही आपल्याला जास्त जाणवतो. साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट, रोज ३ ते ५ ग्रॅम, कुठल्याही वेळी. सुरुवातीला रोज वीस ग्रॅमचं लोडिंग करायची गरज नाही, तीन-चार आठवड्यांत साठा तसाही भरतो. ते कारखान्यात रसायनांपासून बनतं, त्यात प्राण्याचं काही नसतं. पहिल्या पंधरवड्यात किलो-दीड किलो वजन वाढेल, ते स्नायूंत शिरलेलं पाणी आहे, घाबरू नका. रक्ततपासणीला जाताना क्रिएटिन घेतोय हे डॉक्टरांना आधीच सांगा, कारण अहवालात क्रिएटिनिन वाढलेलं दिसू शकतं आणि मूत्रपिंडाची उगाच काळजी सुरू होते.

बी-१२ ची गोष्ट

मधली चार वर्षं मी दूध-दहीही सोडलं होतं. प्रोटीनचं गणित मी व्यवस्थित जमवलं आणि बी-१२ कडे साफ दुर्लक्ष केलं. एके दिवशी काफ रेझ हा पोटऱ्यांचा व्यायाम करताना पायाच्या बोटांना मुंग्या आल्या. वाटलं, बूट घट्ट झाले. बूट बदलले. मुंग्या तळव्यांपर्यंत आल्या. मग वाटलं, स्क्वॉटमध्ये कंबर दुखावली असेल, म्हणून महिनाभर स्क्वॉट बंद. त्यात आणखी दोन महिने गेले. शेवटी रक्त तपासलं तेव्हा बी-१२ अगदी तळाला होतं. हिमोग्लोबिन मात्र ठीक! डॉक्टरांनी समजावलं की डाळी-भाज्यांतल्या भरपूर फोलेटमुळे (हेही एक ब जीवनसत्त्वच) रक्तातली लक्षणं झाकली जातात आणि आत मज्जातंतूंचं नुकसान चालूच राहतं. उशीर झाला तर ते भरूनही येत नाही. इंजेक्शनांनी माझ्या मुंग्या गेल्या. उजव्या अंगठ्याची थोडी बधिरता आजही आहे.

वनस्पतींमधून भरवशाचं बी-१२ मिळत नाही. समुद्री शेवाळं, आंबवलेले पदार्थ यांच्यावर विसंबू नका. प्रौढ माणसाला रोज २.४ मायक्रोग्रॅम लागतं. अर्धा लिटर दूध घेणाऱ्याचं बहुतेक भागतं, दूध न घेणाऱ्याला गोळी अटळ आहे. हा साठा संपायला वर्षं लागतात, म्हणून आज बरं वाटतंय याला काही अर्थ नाही. वर्षातून एकदा बी-१२, फेरिटिन (यातून शरीरातला लोहाचा साठा कळतो) आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. या एका बाबतीत मी हट्टी आहे. माझ्यासोबत व्यायाम करणाऱ्या प्रत्येक शाकाहाऱ्याला तपासणीचा कागद दाखवायला लावतो.

लोहाचं थोडक्यात: वनस्पतींमधलं लोह कमी शोषलं जातं, पण डाळीवर लिंबू पिळलं की ते वाढतं आणि जेवणासोबत चहा-कॉफी घेतली की घटतं. चहा तासाभराने घ्या. फेरिटिन न तपासता लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. ओमेगा-३ साठी जवस चांगलं, पण त्यातलं फारच थोडं शरीराला हव्या त्या रूपात बदलतं. शेवाळापासून काढलेलं तेल मिळतं, ते थेट उपयोगी पडतं.

पोट बिघडू नये म्हणून

एकदम कडधान्यं वाढवली की गॅस होणारच. त्यांतल्या रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा आपल्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात. आठ ते बारा तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात शिजवा. आणि आठवड्याला फार तर वीस ग्रॅम कोरडं कडधान्य वाढवत न्या. महिनाभरात पोट सरावतं. भिजवण्याने, मोड आणण्याने खनिजांचं शोषण अडवणारं फायटेटही घटतं आणि लोह-झिंक जास्त मिळतं.

राजम्याच्या बाबतीत एक गोष्ट कसोशीने पाळा. कच्च्या राजम्यात एक विषारी लेक्टिन असतं, थोड्याशा दाण्यांनीही जबरदस्त उलट्या होतात. भिजवून, पाणी बदलून, किमान दहा मिनिटं खळाखळा उकळलं की ते नष्ट होतं. मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या भांड्यात राजमा थेट टाकू नका, तिथे तेवढी उष्णता कधीकधी मिळतच नाही. मी भिजवलेला राजमा आधी गॅसवर पंधरा मिनिटं उकळतो, ते पाणी ओततो, मगच कुकर लावतो. रविवारी एकदम पाचशे ग्रॅम शिजवून डब्यांत भरतो, प्रत्येक डब्यावर कोरडं वजन लिहितो, दोन डबे फ्रीजमध्ये आणि बाकीचे फ्रीझरमध्ये.